अंगणातून अंगणवाडीकडे

गेल्या माघ महिन्यात आदिलाबाद शहरातील एका परिचितांच्या घरी बारशाला जाण्याचा योग आला. बाळाची आई हैदराबादेत संगणक कंपनीत नोकरी करणारी, हुशार मुलगी. तिच्या उशाशी बालसंगोपनावरची तीन जाडजूड इंग्रजी पुस्तके होती. तिच्या आजेसासूबाईंनी, ज्यांचे वय आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, कुतूहलाने विचारले, "त्यात काय लिहिलंय, सांग तरी." मुलीने सांगितले की तान्ह्या बाळाशी सतत बोलत राहावे, अंगाला हलक्या हाताने तेल चोळावे, घरातल्या साध्या वस्तू त्याच्या हाती द्याव्यात आणि रोज झोपण्यापूर्वी एकच एक गाणे म्हणावे. आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे छापावं लागतं का, माय?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. ज्या घरात हे सारे कोणी न शिकवता चालत होते, त्याच घरातल्या नातसुनेला ते आज विकत आणावे लागते, हे कसे घडले? या घटनेला काही इतिहास आहे किंवा नाही?

आमची उभी नोकरी शासकीय दप्तरात गेली. जमिनीच्या नोंदींविषयी या जिल्ह्यात कोणी काही विचारले तर आजही आम्ही चटकन सांगू शकतो. सेतवार कोणते, १९५४-५५ ची खासरा पहाणी कोणती आणि तिच्यात कोणाच्या आजोबांचे नाव कोणत्या रकान्यात आहे, हे आम्हांस पाठ होते. पण त्या आजोबांच्या घरी मुले कशी वाढली, याची एक ओळही कोणत्या बस्त्यात सापडत नाही. आपल्या घराण्यांच्या वंशावळी आहेत, वतनांच्या सनदा आहेत, कज्जांचे फैसले आहेत. पाळण्याचे दप्तर कोणी ठेवले नाही. ते ठेवणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. म्हणून जे ऐकले, पाहिले आणि आमच्या आईच्या तोंडून कळले, त्यावरच येथे भिस्त ठेवीत आहोत.

पैनगंगेच्या अलीकडच्या आपल्या गावांतील जुने घर वाचकांच्या डोळ्यांसमोर असेलच. दारात ओसरी, आत चौक, मागे परस आणि एका बाजूस गोठा. मूल पहिले सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत असे. रोज तेलाचे मर्दन, कढत पाण्याची अंघोळ, शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी. मग जुन्या लुगड्याची झोळी, आणि झोळीची दोरी ज्याच्या हाताशी असेल त्याने ओढायची. ही दोरी आमच्या मते फार महत्त्वाची होती. ती कधी आजीच्या हाती, कधी थोरल्या बहिणीच्या हाती, कधी पायाच्या अंगठ्याला बांधून तांदूळ निवडणाऱ्या काकूकडे. मूल एकट्या आईचे नसे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली आणि पुढच्या पिढ्यांनी मुलाच्या जडणघडणीचे सारे श्रेय आणि सारे ओझे आईच्या पदरात टाकले. पुस्तकाची थोरवी आम्ही मानतो. पण आमच्या घरांतले चित्र थोडे वेगळे होते. आईला सबंध दिवसात मुलाजवळ बसायला घटकाभरही मिळत नसे, आणि मूल तरीही पोरके नसे.

मूल रांगू लागले की चौकात येई. तेथे त्याला जे मिळे ते घरातलेच. पितळी वाटी, लाकडी पळी, चिंचोके, सागरगोटे, कवड्या, ज्वारीच्या ताटांच्या चिपाडांची गाडी. श्रावणी पोळ्याला मातीचे बैल. निर्मळला कोणी गेले तर तिथल्या नकाशांनी पोनिकीच्या हलक्या लाकडातून कोरलेला, रंगवलेला पोपट किंवा आंबा येई. पण तो बहुधा कोनाड्यात राही आणि सणावारी हाती मिळे. आज निर्मळची ती खेळणी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात बसली आहेत. मुलांच्या हाती ती तेव्हाही क्वचितच होती, हे कबूल केले पाहिजे.

वर्षाचे सणच मुलांचे अभ्यासक्रम होते. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण. काळे झबले, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, ऊसाच्या गंडेऱ्या. जमलेल्या पोरांनी ते वेचायचे. शेजारच्या तेलुगू घरांत भोगीच्या दिवशी हेच 'भोगी पळ्ळु' या नावाने होते. बोरे तीच, डोक्यावर ओतायची रीतही तीच. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या मुलींची भुलाबाई, आणि त्याच सुमारास तेलुगू अंगणांत बतुकम्मा. आमची आई सांगे की त्या पंधरवड्यात गल्लीतल्या मुली दोन्हीकडे जात आणि दोन्हीकडचा खाऊ खात. भुलाबाईच्या शेवटी झाकलेला डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचे असते. आवाज खुळखुळला तर फुटाणे, धप्प वाजला तर लाडू, वाजलाच नाही तर शिरा. चार वर्षांची पोर डोळे मिटून तर्क करते, चुकते, पुन्हा सांगते. पुस्तकांत याला ज्ञानेंद्रियांचे शिक्षण म्हणतात, हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळले. आणि चार-पाच वर्षांचे झाले की बासरला गोदाकाठी सरस्वतीच्या पायाशी बसवून तांदळांत बोट धरून पहिले अक्षर. तेथे आपल्या मुलाच्या शेजारी तेलुगू मूल बसलेले असे. एकाच्या बोटाखाली देवनागरी, दुसऱ्याच्या बोटाखाली तेलुगू. बासर आता निर्मल जिल्ह्यात गेले. रीत चालूच आहे.

हे सगळे आठवताना जुन्याची आरती ओवाळण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. याच घरांत देवीच्या साथीत मुले गेली. कापूस वेचणीला जाणाऱ्या बाया तान्ह्याने रडू नये म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी देत आणि मूल दिवसभर धुऱ्यावर गुंगीत पडून राही. बागुलबुवाच्या भीतीने कित्येकांची झोप मोडली. मुलगी रांगू लागली की तिच्या पाठीवर भाऊ कधी येणार याचीच चर्चा. आणि बाप? आमच्या वडिलांनी आम्हांस वडीलधाऱ्यांदेखत एकदाही उचलून घेतले नाही. ते असभ्य समजले जाई. त्यांनी आमच्याशी बोलायला सुरुवात केली ती आम्ही उजळणी म्हणू लागल्यावर. म्हणजे अंगणाचे शिक्षण चांगले होते, पण ते अज्ञानासह होते आणि अर्ध्या माणसांवर चालले होते.

त्याचे एक काम मात्र दुसऱ्या कोणालाही करता आले नसते. निजामी अमलात दप्तराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर सारे विषय उर्दूतूनच शिकवले जात. आमचे आजोबा उर्दूत अर्ज लिहीत, घरचा हिशेब मोडीत ठेवीत आणि बाजारात तेलुगू बोलत. तरी मराठी टिकली, कारण सहाव्या वर्षापर्यंत मुलाला मांडीवर दुसरी भाषा मिळतच नव्हती. नंतर १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात राहिलो. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० (अ) हे कलम आले आणि अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले गेले. आपल्या मराठी शाळांसाठी आपण त्या कलमाचा आधार घेत आलो, अर्ज-विनंत्या केल्या, ते योग्यच झाले. पण शाळेआधीच्या वर्षांबद्दल ना कलमात काही होते, ना आपल्या अर्जांत. ती वर्षे अंगण सांभाळील असे आपण गृहीत धरले.

याच काळात अंगणाचा विचार दुसरीकडे काही माणसे फार गंभीरपणे करीत होती, आणि त्यांतली प्रमुख माणसे मराठी होती हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. ते विचार वाचून भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. ताराबाईंचा जन्म मुंबईचा, १८९२ चा. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. इथवरची गोष्ट शहराची आणि शिकलेल्या घरांची आहे. ताराबाईंना तेच खुपत होते. माँटेसोरीची साधने महाग, ती खेड्यात कोण घेणार?

१९४५ च्या अखेरीस त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ. मोरगावला १९१० मध्ये जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या, पुढे शिक्षिका झालेल्या. या दोघींनी जे केले त्याचे वर्णन करताना मोठे शब्द लागत नाहीत. बाजारातली साधने बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या, मातीची गाडगी गोळा केली. लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत, जड-हलके हे सारे त्यांतूनच शिकवले. वस्तीतली मुले केंद्रावर येईनात तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. केंद्रच वस्तीत, घरापुढच्या मोकळ्या जागेत नेले. पोरांचे तोंड-हात धुतले, केस विंचरले, गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली. धाकटे भावंड सांभाळायचे म्हणून थोरली बहीण घरी राहते, हे दिसले तेव्हा त्या भावंडालाही सामावून घेतले. त्याला त्यांनी नाव दिले अंगण बालवाडी. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली. अनुताईंच्या आत्मकथनाचे नाव 'कोसबादच्या टेकडीवरून' असे आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले; त्या १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत काम करीत होत्या.

चिंचोके, पितळी वाटी आणि खुळखुळणारा डबा या विदुषींनी पुन्हा हाती घेतला, तो आपल्या आज्यांकडून उसना घेतलेलाच होता, असे म्हटले तर त्यांना राग आला नसता असे वाटते. भर घातली ती दोन गोष्टींची. अफू आणि बागुलबुवा काढून टाकला. आणि हे जे चालते ते का चालते, हे शोधून लिहून ठेवले. आपण लिहिले नव्हते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बोर्डीचे काम सुरू होत होते त्याच सुमारास आपल्या डोंगराळ भागातही एक प्रयोग चालू होता. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले आणि निजाम सरकारला गोंडांच्या दुःखाची दखल घेणे भाग पडले. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या सल्ल्याने मारलवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथे गोंडी मुलांसाठी गोंडी भाषेत वाचनपुस्तके तयार झाली आणि ती देवनागरी लिपीत होती, कारण या भागातल्या गोंडांचा मराठीशी जुना परिचय होता. या कामात असलेले एक अधिकारी पुढे इतिहासकार म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले: सेतुमाधवराव पगडी. निलंग्याच्या या मराठी माणसाने हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना गोंडी आणि कोलामी भाषा शिकून घेतल्या आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. ज्या मुलाला शिकवायचे त्याच्या घरची बोली आधी आपण शिकायची, हे त्यांना कोणी परिपत्रक काढून सांगितले नव्हते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरातून निवडलेल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत महाराष्ट्रातील मेळघाटचे धारणी होते आणि आपल्या जिल्ह्यातील उटनूर होते. केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. ताराबाईंचा शब्द त्यात स्पष्ट ऐकू येतो. तेलुगू फलकांवर तो लिहिला गेला आणि 'अंगन्‌वाडी' असा उच्चारला जाऊ लागला. आपल्या घरांसमोरची अंगणे सिमेंटच्या स्लॅबखाली आणि दुकानगाळ्यांखाली नाहीशी होत होती त्याच दशकांत हा शब्द सरकारी शिक्का घेऊन पुन्हा आपल्या गावांत आला.

येथे आमची स्वतःची एक नोंद द्यावी लागते. १९८५ नंतर मंडलव्यवस्था आली तेव्हा इतर कामांबरोबर अंगणवाड्यांची तपासणीही काही काळ आमच्याकडे होती. आम्ही जीपमधून उतरत असू, वजनाची वही पाहत असू, धान्याची पोती मोजत असू, हजेरीच्या नावांसमोर टिंबे मारत असू. एके गावी कार्यकर्ती तेलुगू होती, मुले सारी गोंड. तिने नावे पुकारली, एकही मूल बोलले नाही. आम्ही शेरेबुकात लिहिले की पटावरील मुले प्रत्यक्षात ओळख देत नाहीत, पट संशयास्पद. निघताना पाहिले तर सर्व मुले मागच्या दारी मदतनीस बाईंभोवती बसलेली. ती गोंडीत काहीतरी सांगत होती आणि पोरे खिदळत होती. पट खरा होता. पुकारलेली नावे दप्तराची होती. घरी त्यांना वेगळ्याच नावांनी हाक मारीत. पगडींचे पुस्तक तोवर आम्ही वाचले होते, तरीही शेरा तसाच लिहिला आणि तो पुसायला परत गेलो नाही.

घरीही काही वेगळे घडत नव्हते. आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला एका इंग्रजी शाळेत घातले. तिथल्या बाईंनी सांगितले की घरी मराठी बोलू नका, मूल गोंधळते. आम्ही पदवीधर, जबाबदार अधिकारी. आम्ही ते मुकाट ऐकले. मुलाची आजी त्याला गोष्ट सांगू लागली की आम्ही खुणेने थांबवीत असू. 'चांदोबा' मात्र घरी येत राहिला. १९४७ साली मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेले ते मासिक १९५२ पासून मराठीतही येऊ लागले होते, आणि आमच्या बालपणी संध्याकाळी कंदिलाभोवती त्याचे प्रकट वाचन चाले. मुलाने त्यातली चित्रे पाहिली. मजकूर वाचून दाखवायला आम्हांस कधी वेळ झाला नाही. तो आता हैदराबादेत मोठ्या हुद्द्यावर आहे. मराठी कळते त्याला. बोलताना अडखळतो आणि हसून इंग्रजीवर जातो. कोणी आपल्यावर भाषा लादली म्हणून ती गेली, असे आपण सभांमधून म्हणतो. उर्दूच्या काळात ती गेली नव्हती. आमच्या घरातून ती गेली तेव्हा दारात कोणीही शिपाई उभा नव्हता.

उपाय काय, असे त्रैमासिकाचे वाचक विचारतील. शिबिरे, वर्ग, स्पर्धा यांची यादी आमच्याजवळ नाही. बारशाच्या त्या घरी मात्र एक गोष्ट पाहिली. आजींनी ती तिन्ही इंग्रजी पुस्तके नातसुनेकडून रोज थोडी थोडी समजावून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि प्रत्येक पानावर त्या सांगतात की हे आम्ही असे करीत होतो, हे नव्हतो करीत, हे चुकीचे करीत होतो. नातसून ते समासात पेन्सिलीने मराठीत लिहून घेते. बाळगोळीसमोर तिने लाल फुली मारली आहे.

उन्हाळ्यात आमचा नातू आठ दिवस येथे होता. वय वर्षे पाच. पहिले दोन दिवस तो मोबाइल मागत राहिला. तिसऱ्या दिवशी आम्ही चार चिंचोके दगडावर एका बाजूने घासून पांढरे केले आणि फरशीवर खडूने अष्टचम्म्याचा पट आखला. चारही पांढरे पडले तर चार घरे, चारही काळे पडले तर आठ. हा खेळ तेलुगू घरांतही याच नावाने चालतो, त्यामुळे त्याच्या आईलाही तो येत होता. तीही पदर खोचून फरशीवर बसली. आमचे गुडघे दुखतात, तरी आम्ही बसलो. पहिल्या डावात नातवाला आठ पडले. त्याने टाळ्या पिटल्या आणि ओरडला, "इंका, इंका!" तेलुगूत याचा अर्थ 'अजून'. आम्ही चिंचोके मुठीत धरून ठेवले आणि म्हणालो, "अजून." तो आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अजून." आम्ही मूठ उघडली. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत तो दोन्ही शब्द आळीपाळीने वापरीत होता, आणि रात्री झोपताना त्याच्या उशीखाली ते चार चिंचोके होते.